अठ्ठावन्न पौंड

सेंट आग्नेस, कॅन्सस
४ मार्च २०१२

प्रिय ऑरिन,

फोन केला तर तू तीन वेळा "काय?" म्हणणार आणि चौथ्यांदा "बरं बरं" म्हणून ठेवून देणार, म्हणून लिहितोय. इंजिनं तपासता तपासता कान घालवलेस, डोळे तरी शाबूत आहेत ना?

बापाची बहात्तर सालची पिकअप शेडमधून बाहेर काढली. जुन्या इंजिनात काही राम नव्हता. जॅनेलने भंगारवाल्याकडून एका ठोकलेल्या पिकअपचं दोन हजार चारचं इंजिन आणलं आणि बसवलंसुद्धा. मी नुसता टॉर्च धरून उभा होतो, आणि तोही नीट धरत नाही म्हणून शिव्या खात होतो. तेवीस वर्षांची झाली, पण जीभ तिच्या काकावर गेली आहे.

आता गाडं अडलंय पेट्रोलच्या नळ्यांवर. तुझ्या-माझ्या जमान्यात पंप इंजिनावर असायचा, टाकीतून एक नळी यायची, कार्बुरेटरला भिडायची, संपलं. या नव्या इंजिनाला पंप टाकीत लागतो. शेतकऱ्यांच्या को-ऑपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करणारा अल्फॉन्स म्हणतो, इंजिनाकडून टाकीकडे परतीची नळी हवी. जॅनेल म्हणते नको, एकच नळी पुरते. दोघं माझ्यासमोर तासभर भांडली. खरं काय ते तू सांग.

सीटच्या मागची जुनी टाकी काढून नवी मागच्या हौद्याखाली टांगली आहे. पाठीमागे पेट्रोल घेऊन आपण दोघं किती वर्षं त्या सीटवर बसलो आणि वर सिगारेटी ओढल्या, आठवलं की आता घाम फुटतो.

ईस्टरपर्यंत गाडी सुरू करायची आहे. लॉर्ना म्हणते, त्यानंतर शेडमध्ये पिकअप तरी राहील नाहीतर तिचा फ्रीझर.

तुझा,
व्हर्लिन


टक्सन, अॅरिझोना
१२ मार्च २०१२

प्रिय व्हर्लिन,

डोळे शाबूत आहेत, पण तुझं अक्षर वाचायला तेवढे पुरत नाहीत.

पोरगी बरोबर आहे. अल्फॉन्सला सांग, तू ट्रॅक्टरच बघ. टाकीपासून फिल्टरपर्यंत दोन नळ्या, फिल्टरपासून इंजिनापर्यंत एकच. हा फिल्टर साधा नसतो. त्याच्या पोटात प्रेशर राखणारा रेग्युलेटर असतो. पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ढकलतो. फिल्टर पुढे नेमकं अठ्ठावन्न पौंडांचं प्रेशर ठेवतो आणि उरलेलं तिथल्या तिथे टाकीत परत सोडतो. इंजिनाजवळ तापलेलं पेट्रोल मागे आणायची भानगडच नाही. फिल्टर टाकीजवळ लावा, चेसिसच्या आतल्या अंगाला. माझ्या फळीवर एक पडला आहे, तो सोबत पाठवतो. नवा आणायला जाऊ नका.

आता नीट वाच. कार्बुरेटरला पाच-सहा पौंड पुरायचे. तेव्हा आपण रबरी नळी गुळगुळीत लोखंडी नळीवर सरकवायचो, स्क्रूची क्लिप आवळायचो आणि मोकळे व्हायचो. अठ्ठावन्न पौंडांना ते चालत नाही. आज धरेल, उद्या सटकेल, आणि सटकेल ती नेमकी तापलेल्या एक्झॉस्टवर. इंजिनाच्या तोंडाशी कंपनीचं फिटिंगच लावायचं. ढकललं की टक् असा आवाज येतो, मग मागे ओढून बघायचं. आवाज आला नाही तर बसलं नाही असं समजायचं. मला तो ऐकू येत नाही म्हणून मी ओढूनच बघतो.

आणि पंपाला स्वतःचं वेगळं बटण देऊ नका. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरकडूनच चालू-बंद झाला पाहिजे. इंजिन मेलं की पेट्रोल आपोआप बंद, हे आपल्या जुन्या पंपाचं झालं; बटणावरचा पंप ढकलतच राहतो.

चित्र काढलं आहे, भिंतीला चिकटव. छातीतल्या नळ्या तुंबल्या आहेत म्हणून डॉक्टर मलाही पुढच्या महिन्यात उघडणार आहेत. ते काही चित्र वगैरे काढून दाखवत नाहीत.

ऑरिन


सेंट आग्नेस
३० मार्च २०१२

काका,

तुझं चित्र येशूच्या तसबिरीशेजारी लावलंय. बाबा शेडमध्ये आले की आधी कुणाला नमस्कार करतात, हे आईने विचारू नये.

सगळं झालं. टाकी, पंप, तुझा फिल्टर, चेसिसवरून लोखंडी नळी, सगळं तू सांगितलंस तसं. पंपाला सध्या बटण दिलंय. ओरडू नकोस, कॉम्प्युटरची ती एक वायर सापडली की काढून टाकते. फक्त पुढचं फिटिंग राहिलंय. दुकानदाराने चुकीच्या मापाचं पाठवलं. बरोबरचं ईस्टरनंतरच्या मंगळवारी येणार. बाबा म्हणतात, चाळीस वर्षं थांबलो, अजून चार दिवस थांबू.

त्यांना थांबता येतं. माझ्या हातांना नुसती खाज सुटली आहे. ईस्टरला सगळी जेवायला येतील तेव्हा ती गाडी बोलायला हवी होती रे.

तू ऑपरेशनच्या आधी घाबरलास तर मला लिही. कुणाला सांगणार नाही.

जॅनेल


सेंट आग्नेस
२ मे २०१२

प्रिय ऑरिनभाऊजी,

तुमच्या छातीचे टाके ओले असताना तुम्हाला ही बातमी फादरच्या निरोपाने कळावी, असं मला वाटत नव्हतं. पण कळवणं भाग होतं. तुम्ही दफनाला येऊ शकला नाहीत याचं मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांनी तुम्हाला सोडलं असतं तर तुम्ही आलाच असता.

व्हर्लिन विचिताच्या बर्न वॉर्डमध्ये नऊ दिवस होते. शेवटचे तीन दिवस त्यांना काही कळत नव्हतं. त्याआधी एकदा त्यांनी जॅनेलचं नाव घेतलं, पण ती तेव्हा खाली कँटीनमध्ये होती. हे मी तिला सांगितलेलं नाही.

आग ईस्टरच्या आदल्या दिवशी लागली. पिकअपचा पुढचा भाग जळून गेला, मागचा तसाच आहे. शेरीफच्या माणसाने "पेट्रोल गळून अपघात" असं लिहिलं आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात एक लोखंडी नळी आहे, तिच्या टोकाला जळकं रबर आणि स्क्रूची क्लिप. तुमचं मार्चचं पत्र माझ्या स्वयंपाकघराच्या खणात आहे. मी शाळेत पोरांना जेवण वाढणारी बाई, मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही जे करू नका म्हणून लिहिलंय, ते हेच ना?

मी हे विचारते आहे ते जॅनेलसाठी. बापाला बाहेर ओढताना तिचे दोन्ही हात भाजले. ते भरून येत आहेत. ती नाही येत. दफनापासून तिने मला एकच वाक्य म्हटलंय, "मी केलं." बशी पुढे ठेवली की बघत राहते. अठरा पौंड वजन उतरलं. मागच्या आठवड्यात ती मला रेल्वेच्या रुळांवर बसलेली सापडली. म्हणाली, नुसती बसले होते. दुसऱ्या दिवशी मी घरातल्या बंदुका उचलून माझ्या भावाकडे देऊन आले. रात्री तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसते.

म्हणून खरं सांगा. तिचा दोष नसेल तर तसं लिहा, म्हणजे मी तिला दाखवीन. माझं ती ऐकत नाही, पण इंजिनाच्या बाबतीत तुमचा शब्द तिला बायबल आहे.

लॉर्ना


टक्सन
८ मे २०१२

प्रिय लॉर्ना,

व्हर्लिन माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान होता. मी त्याला सायकल शिकवली. माझ्या आधी तो जाईल हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

त्या पिशवीतल्या नळीवरून काही ठरवता येत नाही. आगीत रबर वितळतं, क्लिपा सरकतात, कशाचं काय होतं. मला आणखी थोडी माहिती हवी. गाडी किती वेळ चालली? धूर कसला होता? फिल्टर अजून जागेवर आहे का? कुणी हात लावला आहे का त्याला?

जॅनेलला म्हणावं, काकाला दोन ओळी लिही. दोनच. आणि तिला एकटी ठेवू नकोस.

ऑरिन


सेंट आग्नेस
१७ मे २०१२

भाऊजी,

ती लिहीत नाही. कागद समोर ठेवला तर उठून जाते.

आणि तुम्ही मला गोल गोल फिरवू नका. तीस वर्षं या घरात आहे मी. तुम्ही भाऊ खोटं बोलायला लागलात की प्रश्न विचारता, हे मला पाठ आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं घ्या. काल ती पहिल्यांदा बोलली. स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, सलग. मी भांडं हातात धरून तशीच उभी राहिले.

फिटिंग आलं नव्हतं. शनिवारी बाप चर्चमध्ये वेदी सजवायला गेला होता. तिने ठरवलं, एकदाच सुरू करायची, दोन मिनिटं, बापाला आवाज ऐकवायचा आणि बंद. मंगळवारी खरं फिटिंग लावायचंच होतं. तिने रबरी नळी घातली, क्लिप आवळली, हाताने ओढून बघितली, हलली नाही. व्हर्लिन आले. त्यांनी विचारलं, "फिटिंग आलं का?" ती म्हणाली, "आलं."

भाऊजी, तिने बापाला सांगितलं की आलं.

गाडी सुरू झाली. आधी काळा धूर आला, मग गाडी नीट चालली. व्हर्लिन इंजिनावर वाकून हसत होते, तिला म्हणाले, "ऐक, ऐक." मिनिटभराने नळी निघाली आणि पेट्रोल उडून पेटलं. इंजिन बंद पडलं, पण पंप चालूच होता, कारण त्याला ते बटण होतं. ती बटण बंद करायला केबिनकडे धावली आणि मग बापाकडे. आता ती हेच विचारत बसते, आधी बापाकडे गेले असते तर.

हे सगळं सांगून ती म्हणाली, "आई, मला काकाचं पत्र पाठ होतं. पाठ होतं मला."

मी काय बोलू तिला? माझ्या तोंडून खोटं निघत नाही, आणि निघालं तरी तिला कळतं. फिल्टर जागेवरच आहे, कुणी हात लावलेला नाही. धूर काळा होता. झालं समाधान? आता हो असेल तर हो लिहा. निदान मला कळू दे, मी कुठल्या गोष्टीपाशी उभी आहे.

लॉर्ना


टक्सन
२५ मे २०१२

लॉर्ना,

हे पत्र तू वाच आणि मग जॅनेलला दे. तिच्याच हातात दे, वाचून दाखवू नकोस.

काळा धूर आला असं तू लिहिलंस तेव्हाच माझी खात्री झाली. खरं म्हणजे फादरचा निरोप आला त्या दिवसापासून मनात होतं, पण कबूल करायची छाती होत नव्हती. तो फिल्टर मी पाठवला. तो नवा नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून मी तो काढला होता, कारण त्याची परतीची झडप मधूनच अडकायची. झडप अडकली की जास्तीचं पेट्रोल टाकीकडे जात नाही, सगळं पुढे ढकललं जातं. अठ्ठावन्नाचे शंभर पौंड होतात, त्याहून जास्तही. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर येतो. फेकायच्या ऐवजी मी तो फळीवर ठेवला, आणि मार्चमध्ये तोच उचलून तुम्हाला पाठवला. पाठवायच्या आधी गेज लावून बघितला नाही. दहा मिनिटांचं काम होतं. आळस केला.

जॅनेल, तू लावलेल्या नळीने काही फरक पडला नाही, त्या बटणानेही नाही. मंगळवारपर्यंत थांबली असतीस आणि कंपनीचं फिटिंग लावलं असतंस, तरी ते उडालं असतं. कदाचित रस्त्यात उडालं असतं, तू आणि तो दोघंही गाडीत असताना. त्या प्रेशरला कुठलाच जॉइंट टिकत नाही. चाळीस वर्षं मी हेच काम केलंय, मला माहीत आहे.

दीड महिना गप्प बसलो, कारण भाऊ माझ्या हातून गेला हे लिहवत नव्हतं. तू स्वतःला खात बसली आहेस हे कळूनही गप्प बसलो. माफी मागत नाही. ती मिळण्यासारखी नाही.

ऑरिन


सेंट आग्नेस
६ जून २०१२

भाऊजी,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. वाचून मी अंगणात गेले आणि तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की शेजारची बाई कुंपणापाशी आली. वाटलं, ती पोरगी सुकून चालली आहे आणि हा माणूस तिकडे बसून टाके मोजतोय!

पत्र मी लगेच तिला दिलं नाही. मला आधी तो फिल्टर हातात धरायचा होता, म्हणजे कुणावर थुंकायचं ते दिसलं असतं. मी अल्फॉन्सला बोलावलं. त्याला कारण सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, ही वस्तू बिघडली आहे हे मला डोळ्यांनी बघायचं आहे. तो पिकअपच्या खाली गेला. मागचं सगळं शाबूतच होतं. त्याने पुढची नळी बंद केली, गेज लावलं आणि पंपाला दुसऱ्या बॅटरीवरून करंट दिला. मी गुडघ्यांवर बसून बघत होते.

काटा अठ्ठावन्नवर गेला आणि थांबला. परतीच्या नळीतून पेट्रोल टाकीत पडल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, पुन्हा कर. त्याने दहा वेळा केलं. दहाही वेळा अठ्ठावन्न. मी विचारलं, काळा धूर कशाने येतो? म्हणाला, वहिनी, पडून राहिलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं की काळा धूर ओकतंच.

अल्फॉन्स गेल्यावर मी तिथेच शेडच्या दारात बसून राहिले. बराच वेळ रडले. व्हर्लिन गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

तुमच्या फिल्टरमध्ये काही खोट नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही काय करताय तेही मला कळलं. पण हे पत्र तिच्या हातात देणारी मी, आणि त्याचं मोल काय ते तुम्ही नीट मोजलंय असं मला वाटत नाही. ती तुमचं तोंड बघणार नाही. लहानपणी तुमच्या खांद्यावरून उतरत नसे ती. सप्टेंबरमध्ये व्हर्लिनच्या थडग्यावर दगड बसवायच्या वेळी तुम्ही येणार होतात, ते राहिलं. दफनभूमीत त्यांच्या डाव्या हाताची जागा तुमची आहे, तुम्हीच दोघांनी मिळून घेतली होती. ती तुम्हाला तिथेही येऊ देणार नाही. मी ओळखते तिला. आणि मी तिच्यासमोर तुमची बाजू घेऊ शकणार नाही, एका शब्दानेही नाही, जन्मभर. तुमच्यावर चिडल्याचं सोंग करावं लागेल मला.

आणि ते खोटं आहे, भाऊजी. बापाला तिने फसवलं हे खरं आहे. खऱ्यावर माती लोटून पोरगी उभी राहते का, मला माहीत नाही.

पत्र माझ्या एप्रनच्या खिशात आहे. ती सकाळपासून उठलेली नाही. काय करू ते सांगा.

लॉर्ना


टक्सन
११ जून २०१२

लॉर्ना,

दे.

फिल्टर भंगारात टाक, गावातल्या नाही, हेज शहराच्या पलीकडच्या. अल्फॉन्सला सांग, तोंड उघडलं तर ऑरिन येऊन दात पाडेल. तो मला घाबरतो.

खरं काय ते ती विसरणार नाहीच. बापाला काय बोलली ते तिचं तिच्यापाशी राहील, ते मला घेता येत नाही. घेता आलं असतं तर तेही घेतलं असतं. पण बाप तिच्या हातून मेला, एवढं तरी तिच्या अंगावरून काढता येतं. मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि माझ्या छातीत उसन्या नळ्या आहेत. माझ्यावर कुणी चिडलं तर मी कितीसा झिजणार?

ती नऊ वर्षांची असताना मी तिला प्लगची फट मापायला शिकवली होती. मापाची पत्ती हातात धरून, जीभ बाहेर काढून मापायची. माझ्या पोटची नाही, पण माझ्या आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. जागेचं काय घेऊन बसलीस! दे ते पत्र.

ऑरिन


सेंट आग्नेस
२४ जून २०१२

ऑरिन ड्राइलिंग यांस,

आजपर्यंत तुला काका म्हटलं आणि अरेतुरे केलं. यापुढे तुम्ही.

तुमचं पत्र आईने दिलं. मी ते सात वेळा वाचलं. पहिल्या वेळी मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला इतकी लाज वाटली की मी ओकले. त्यानंतर फक्त राग आला. अजून आहे. रोज उठते ती त्याच्यावरच.

तुम्हाला माहीत होतं. फादरचा निरोप आला तेव्हापासून माहीत होतं असं तुम्हीच लिहिलंय. मी रुळांवर बसले होते तेव्हाही तुम्हाला माहीत होतं. एका ओळीचं पत्र लागलं असतं. गेज लावायला दहा मिनिटं आणि ओळ लिहायला एक मिनिट, एवढंही झालं नाही तुमच्याकडून. मला मात्र शिकवत होतात, ओढून बघ, मापून बघ, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस. बाबा तुमचं चित्र येशूशेजारी लावून हिंडत होते.

फिटिंग आलं असं मी बाबांना सांगितलं, ते माझं आहे. त्यात तुम्ही पडू नका. मी फादरपाशी ते बोलले आणि अजून बोलणार आहे. पण "ऐक, ऐक" म्हणत ते वाकले तेव्हा समोर होतं ते तुमचं शंभर पौंडांचं प्रेशर, माझी क्लिप नव्हे.

आईने तो फिल्टर भंगारात दिला. मला तो ऐरणीवर ठेवून घणाने फोडायचा होता. तिच्याशी त्यावरून भांडले. गंमत म्हणजे ती रडायला लागली आणि म्हणाली, भांड, अजून भांड.

कापणी सुरू आहे. यंदा गहू लवकर पिकला, आणि बाबा नाहीत, म्हणून कंबाइन मी चालवते. मामा ट्रक नेतो. हात दुखतात, कातडी नवी आहे, हातमोज्यात घाम आला की आग होते. दुपारी शेतातच कोबी-खिमा भरलेले दोन बीरॉक पाव खाते आणि पुन्हा वर चढते. एकरी पन्नास बुशेल पडतोय. बाबांना पटलं नसतं.

दगड सप्टेंबरच्या पंधरा तारखेला बसणार आहे. तुम्ही यायचं नाही. आलात तर मी सगळ्यांदेखत तुम्हाला फाटकाबाहेर काढीन. बाबांशेजारची जागा तुमच्या नावावर आहे असं आई म्हणते. ती मी फादरशी बोलून बदलून घेणार. तुम्हाला कुठे पडायचं तिकडे पडा. पुढच्या वर्षी पश्चिमेचं शेत मीच पेरणार आहे. तुम्ही आजोबांच्या जमिनीतल्या तुमच्या वाट्याचं काही बोलणार असाल तर वकिलामार्फत बोला.

उत्तर लिहू नका. मी फोडणार नाही.

जॅनेल ड्राइलिंग


टक्सन
३० जून २०१२

प्रिय लॉर्ना,

जॅनेलचं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. काही ठिकाणी पेन इतकं दाबलंय की कागद फाटला.

जमिनीचा माझा वाटा तिच्या नावावर करायला मी इथल्या वकिलाकडे जाऊन आलो. कागद तुझ्या नावाने येतील. तिला सांग, काका कायद्याला घाबरला. जागेच्या कागदावर सही करून तो यासोबत पाठवला आहे, फादरला दे. विमानाचं तिकीट परत केलं. इथे दफनभूमीत एक जागा मिळाली आहे. उन्हाची आहे, पण मला इथल्या उन्हाची सवय आहे.

तू सोंग सोडू नकोस. तिच्यासमोर माझं नाव निघालं तर तोंड वाकडं करायचं. मला लिहायचं झालं तर को-ऑपच्या पत्त्यावरून लिही, आणि फार लिहू नकोस.

तिच्या हातांना मोज्याच्या आतून सुती कापड लावायला सांग. तू सांगते आहेस असं सांग.

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचतो आणि प्रत्येक वेळी एकाच ओळीपाशी थांबतो. बाकीचं तिने मला जे लिहिलंय ते लिहिलंय. पण पुढच्या वर्षी पश्चिमेचं शेत ती पेरणार आहे, लॉर्ना. पुढच्या वर्षी.

ऑरिन